चतुर्थीची ऑर्डर

"शिवू नकोस रे," माई म्हणाली, आणि पुढे केलेला हात तिने स्वतःच मागे घेतला.

मी तिच्या खोलीच्या दाराशी उभा होतो. कमरेला कद, अंगावर उपरणं, दोन्ही हात कोपरापर्यंत नारळाच्या चवाने माखलेले. बाहेर नुकतं उजाडायला लागलं होतं. तिने हाक मारली म्हणून खोवणीवरून उठून आलो होतो. काय हवंय, असं विचारलं तर म्हणाली, काही नाही, नारळ कसे निघाले? मी म्हटलं, चांगले निघाले, एकच खवट होता. तिने डोळे मिटले. "जा मग. सगळं झालं की ये," म्हणाली.

त्या दिवशी गणेश चतुर्थी होती, आणि आमच्या घरात त्या दिवशी माणसापेक्षा मोदकाला जास्त मान असे.

पनवेलच्या एका जुन्या सोसायटीत तळमजल्यावर आमच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. वडील गेल्यावर माईने तिथूनच उकडीचे मोदक करून द्यायला सुरुवात केली. मोदक तर गावात पुष्कळजणी करायच्या. माईचं वेगळेपण असं, की तिचे मोदक कडक सोवळ्यातले. पहाटे आंघोळ करून, धुतलेलं वस्त्र नेसून बसायचं, ते शेवटचा डबा बाहेर जाईपर्यंत कुणाला शिवायचं नाही. नुसतं करणाऱ्यानेच नाही, पोचवणाऱ्यानेसुद्धा. सोवळ्यात केलेलं सोवळ्यातच देवापुढे गेलं पाहिजे, हा तिचा हट्ट. त्यामुळे कद नेसून, उघड्या अंगावर उपरणं टाकून स्कूटर हाकणारा अख्ख्या पनवेलात मी एकटाच होतो. पोरं हसायची, सिग्नलचा हवालदार मला बघून कपाळावर हात मारायचा. पण ज्या घरांत डबा जायचा तिथली म्हातारी माणसं मला बघून समाधानाने मान डोलवायची. 'माई आठल्यांचे सोवळ्यातले मोदक' असं डब्यावर छापलेलं असे, आणि लोक पैसे मोजायचे ते त्या सोवळ्याचे.

माझी तळोज्याची रंगाची कंपनी बंद पडली तेव्हापासून या उद्योगावरच आमचं घर चालत होतं. चतुर्थीला ज्यांच्याकडे मोदक जायचे, तीच घरं पुढे वर्षभर पुरणपोळ्या, सत्यनारायणाचा प्रसाद, बोडणाचा स्वयंपाक आमच्याकडून न्यायची. चतुर्थी गेली की वर्ष गेलं. हे आम्ही डोळ्यांनी बघितलं होतं. मागच्या गल्लीतल्या साठेकाकू आमच्यासारख्याच घरून ऑर्डरी घ्यायच्या. एका वर्षी गणपतीच्या तोंडावर त्यांचे दीर गेले, घराला सुतक लागलं आणि त्यांनी सगळ्यांना फोन करून ऑर्डरी परत केल्या. लोक म्हणाले, अहो त्यात काय, असं कुणाच्या हातात असतं का. फार गोड बोलले. पुढच्या वर्षी एकाने फोन केला नाही. दुकान असतं तर शटर ओढून घेता येतं. घरी दुःख ज्या दारातून येतं त्याच दारातून गिऱ्हाईक येतं.

मी सांगतोय त्या चतुर्थीच्या आधी, माघात, माईला अर्धांग झाला होता. उजवी बाजू गेलेली, जीभ जरा जड. वासंतीने, म्हणजे माझ्या बायकोने, उद्योगही उचलला आणि माईचं सगळं करणंही. सासूसुनेचं फार गूळपीठ कधीच नव्हतं. माईला वासंतीच्या मोदकाच्या पाकळ्या जाड वाटायच्या आणि वासंतीला माईचा आवाज. पण अंथरुणाला खिळल्यापासून माई तिच्याशिवाय कुणाच्या हातून पाणी पीत नसे. ऑर्डरीच्या दिवशी वासंती पहाटे उठून आधी माईचं अंग पुसणं, कपडे बदलणं उरकायची, मग डोक्यावरून आंघोळ करून सोवळं नेसायची. तिथून पुढे डबे जाईपर्यंत माईच्या खोलीत कुणी पाऊल टाकायचं नाही. हा नियम माईने स्वतःच अंथरुणावरून घालून दिला होता.

पहिला डबा नेऱ्याच्या रस्त्याला दामल्यांकडे जायचा. त्यांची पूजा सकाळी लवकर. मी तो घेऊन निघालो तेव्हा वासंती पुढच्या मोदकांची उकड मळत होती. माईने परत एकदा हाक मारल्यासारखं वाटलं. मी वळलो, तर वासंती म्हणाली, तुम्ही निघा, मी दारातून बघते.

दामल्यांकडून परत यायला तास गेला असेल; जेमतेम आठ वाजले होते. दारात आलो तर वासंतीचे केस निथळत होते आणि अंगावरचं लुगडं दुसरं होतं. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, "सोवळं मोडलं. परत आंघोळ केली." माईचं काही करावं लागलं असेल, असं मी समजलो. खोलीचं दार लोटलेलं होतं.

"माई?"

"झोपल्यात. रात्रभर डोळा नव्हता त्यांना. हाका मारू नका आता."

तोवर मोदक वळायला प्रमिलाताई आल्या. या आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. हात चालला की तोंडही चालायचं अशी बाई. घरी आंघोळ करून ओलेत्यानेच जिना उतरायच्या आणि इथे सोवळं नेसायच्या. त्या दोघी समोरासमोर बसल्या आणि मोदक भराभर ताटात उतरायला लागले. प्रमिलाताई बोलत होत्या आणि वासंती गप्प होती. एरवी ती त्यांना टोमणे मारून हसवायची. मी दारात डबे घ्यायला आलो की डबे तयार असायचे. ती ते उंबऱ्याशी ठेवायची, मी उचलायचो. दर वर्षी थोडी तरी फुरसत मिळायची, चहाचा घोट व्हायचा. त्या दिवशी तिने मला बूड टेकू दिलं नाही. हे घेऊन जा, ते घेऊन जा. जवळजवळची दोन घरं एका खेपेत उरकली असती, तिथेही दोन खेपा करायला लावल्या.

मध्ये एकदा प्रमिलाताई म्हणाल्या, "आज माईंची एकही हाक नाही ग. नाहीतर एव्हाना चारदा विचारून झालं असतं, पाकळ्या किती आल्या म्हणून."

"गोळी दिलीय त्यांना," वासंती म्हणाली.

"मग बरं झालं. बिचाऱ्यांना तेवढीच विश्रांती."

आमची स्वतःची मूर्ती कुंभारवाड्यात सांगून ठेवलेली होती. दर वर्षी दोन खेपांच्या मध्ये मी ती घेऊन यायचो. जाता जाता म्हटलं, येताना मूर्ती आणतो. वासंतीच्या हातातला मोदक तसाच राहिला. "आत्ता नको," ती म्हणाली. "आधी लोकांचे डबे जाऊ देत." मला ते चमत्कारिक वाटलं, पण कामाच्या घाईत बायकोशी वाद घालण्याइतका मी मूर्ख नव्हतो. मी डबे उचलले आणि गेलो.

त्या दिवशी मी चांगल्याच आनंदात होतो, हे सांगायला हवं. बंद पडलेल्या कंपनीतल्या माणसाला वर्षातून एकदा लोक दारात वाट बघत उभे राहिलेले दिसतात, तो हा दिवस. एका घरात आजोबांनी माझ्या हातात नारळ दिला. दुसऱ्या घरात, माईंना सांगा, त्यांच्या हातची सर नाही पण सुनेने नाव राखलं, असा निरोप मिळाला. हे माईला सांगायचं, तिला रुचणार नाही पण मनातून बरं वाटेल, असं मी स्कूटरवर मनाशी घोळवत होतो. आमचे डॉक्टर शिरधनकर यांच्याकडेही डबा दिला. ते स्वतः दारात आले, माईची विचारपूस केली, संध्याकाळी चक्कर टाकतो म्हणाले.

शेवटचा डबा देऊन आलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. प्रमिलाताई आपल्या वाटणीचे मोदक घेऊन वर गेल्या होत्या. स्वयंपाकघर झाडून पुसून स्वच्छ. मोदकपात्र पालथं घातलेलं. मी कदाची गाठ सोडत सोडत माईच्या खोलीकडे निघालो. वासंती दारात येऊन उभी राहिली.

"आधी बसा," ती म्हणाली.

"माईला भेटतो. सकाळपासून तिच्याजवळ गेलो नाही."

"बसा, म्हणजे सांगते." मी बसलो नाही. ती म्हणाली, "माई गेल्या."

तिचा आवाज इतका साधा होता, की माई कुठे बाहेर गेल्यासारखं वाटलं. मग मी तिला बाजूला करून आत गेलो. माईच्या अंगावर धुतलेलं पातळ होतं, केस विंचरलेले होते. तोंडात तुळशीचं पान. मी तिचा हात हातात घेतला. तो गार होता आणि वळत नव्हता.

"कधी?"

"तुम्ही दामल्यांकडे गेला होतात तेव्हा. हाक मारली त्यांनी. मी दारातून विचारलं, तर श्वास लागला होता. मग मी आत गेले. मांडीवर घेतलं. पाणी घातलं तोंडात. फार वेळ लागला नाही."

"म्हणजे सकाळी. मी परत आलो तेव्हा ती नव्हती."

"नव्हत्या."

"आणि तू मला डबे दिलेस."

ती भिंतीला टेकून उभी होती. तिच्या नखांत अजून उकड होती. "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्हाला सुतक लागलं असतं," ती म्हणाली. "कानावर आल्याशिवाय सुतक लागत नाही. माईच सांगायच्या. मोदक लोकांच्या देवापुढे नेणारे तुम्ही होतात. तुम्ही स्वच्छ राहिलात."

"आणि करणारी?"

"माझं मी बघेन. माझ्या वाट्याला जे यायचं असेल ते येऊ दे."

मी तिला काहीतरी लागट बोललो. काय ते आता आठवत नाही, पण आवाज चढला तशी ती पुढे झाली आणि तिने खिडकी लावून घेतली. वर प्रमिलाताई होत्या. तिचं ते खिडकी लावणं बघून मला जितका राग आला तितका आयुष्यात कुणाचा आला नाही. मी म्हटलं, लोकांच्या देवाला चाललं ना हे, मग आपली मूर्ती का नाही आणू दिलीस? तिने माझ्याकडे अगदी सरळ बघितलं.

"मयताच्या घरात देव कसा आणायचा हो?" ती म्हणाली.

मग ती खाली बसली आणि रडायला लागली. सकाळपासूनचं रडू होतं ते. माईच्या पायांवर डोकं ठेवून ती अशी रडली, की मला तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. पण मी ठेवला नाही. मी डॉक्टरांना फोन केला.

डॉक्टर जेवणावरून उठून आले. माईचा हात उचलून बघितला, मान हलवून बघितली. मग मला विचारलं, "कधी झालं?"

वासंती दारात होती. तिच्या मागे प्रमिलाताई येऊन उभ्या राहिल्या होत्या, तोंडावर पदर धरून. त्यांनी सकाळपासून या घरात मोदक वळले होते आणि त्यांच्या घरच्या गणपतीपुढे त्यातलेच अकरा ठेवले होते.

"आत्ताच," मी म्हणालो. "अर्धा-पाऊण तास झाला असेल."

डॉक्टरांनी माईचा हात परत खाली ठेवला. तो हात अर्ध्या-पाऊण तासात तसा होत नाही, हे मला कळत होतं तर त्यांना कळत नव्हतं असं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग वासंतीकडे, मग दारातून दिसणाऱ्या मोदकपात्राकडे. त्यांच्या ओठाच्या कडेला गूळखोबऱ्याचा कण होता.

"दुपारी एक लिहितो," ते म्हणाले, आणि त्यांनी लिहिलं.

गावात आमची फार कीव झाली. ऐन चतुर्थीच्या दिवशी, आणि तेही सगळ्यांचे नैवेद्य पोचल्यावर माईंनी डोळे मिटले, म्हणजे केवढी पुण्याई, असं लोक म्हणायला लागले. शेवटचा डबा जाईपर्यंत जीव धरून ठेवला हो बाईने. दहा दिवस येणाराजाणारा हेच बोलत होता आणि वासंती पाण्याचा पेला पुढे करत मान हलवत होती. मी एका कोपऱ्यात मुंडण केलेलं डोकं घेऊन बसलेला. आम्ही दोघं एकमेकांशी गरजेपुरतं बोलत होतो. रात्री ती माईच्या रिकाम्या पलंगाशी जमिनीवर झोपायची. धंदा वाचला होता. पुढच्या वर्षीच्या ऑर्डरी लोक सुतकातच तोंडी सांगून जात होते.

तेराव्याला सगळं आटोपल्यावर फाटक गुरुजी पंचांग उघडून बसले. खोलीत प्रमिलाताई होत्या, दामले होते, शेजारची चार माणसं होती. आमच्या मोदकांवाचून ज्यांचा गणपती बसत नसे तीच ही माणसं.

"आता वर्षश्राद्धाची तिथी सांगून ठेवतो," गुरुजी म्हणाले. "माई गेल्या दुपारी, म्हणजे चतुर्थी. यंदा सकाळी नवापर्यंत तृतीया होती. त्याच्या आत गेल्या असत्या तर तृतीया धरली असती." त्यांनी चष्मा वर केला. "तुमच्या दृष्टीने जरा अडचणीचं आहे, दिगंबर. म्हणजे दर वर्षी श्राद्ध गणपतीच्याच दिवशी येणार. एका चुलीवर पिंडाचा भात आणि लोकांचे मोदक, हे काही जमायचं नाही. माईंनाच चाललं नसतं."

दामले हळहळले. प्रमिलाताईंनी च्च् केलं. मी वासंतीकडे बघितलं. ती चहाचं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला सगळं एका क्षणात कळलं होतं. तृतीयेचं श्राद्ध म्हणजे आदला दिवस. एक शब्द बोलला की चतुर्थी मोकळी होत होती, पुढच्या वर्षीची आणि त्यापुढच्या सगळ्या. पण तोच शब्द बोलला की खोलीतल्या प्रत्येकाला समजणार होतं, की त्या सकाळी लोकांच्या देवांपुढे काय ठेवलं गेलं.

गुरुजी भला माणूस. त्यांना काय वाटलं कोण जाणे. "घाई नाही," ते म्हणाले. "वेळेचा काही घोळ असेल तर आत्ताच सांगा. गडबडीत माणसाच्या लक्षात राहत नाही. सकाळी की दुपारी? एकदा आठवून बघा."

वासंतीने ताट खाली ठेवलं. कपबश्या वाजल्या. तिने तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगेन. ती बोलणार होती.

"दुपारीच," मी म्हणालो. "चतुर्थी."

गुरुजींनी पंचांग मिटलं.

पुढचं लवकर उरकलं. जे लोक तोंडी ऑर्डरी सांगून गेले होते तेच श्रावणात फोन करून विचारायला लागले, अहो, त्या दिवशी तुमच्याकडे वर्षश्राद्ध ना? वासंती हो म्हणायची. मग ते म्हणायचे, साहजिकच आहे, आम्ही यंदापुरतं दुसरीकडे बघतो. फार गोड बोलायचे. प्रमिलाताईंनी गणपतीच्या तोंडावर आपल्या भाचीला हाताशी घेतलं आणि वरच्या मजल्यावर मोदक सुरू केले. त्यांचंही काही चुकलं नाही. लोक जिना चढून जायचे तेव्हा आमच्या दाराशी आवाज खाली आणायचे.

चतुर्थीला पहाटे वासंती आंघोळ करून चुलीपाशी बसली. एवढ्याशा पातेल्यात पिंडाचा भात. वरून मोदक उकडल्याचा वास येत होता. फाटक गुरुजी बाहेर दर्भ मांडत होते. श्राद्ध खरं दुपारचं, पण त्यांना पुढे गणपतीच्या पूजांना जायचं होतं, म्हणून ते उजाडायच्या आत आले होते. मी कद नेसून भात न्यायला आत गेलो.

वासंतीने पातेलं उतरवलं, पण हातातून सोडलं नाही.

"त्या दिवशी मी सांगणार होते," ती म्हणाली. "तुम्हाला दिसत होतं मी सांगणार होते ते. तुम्ही मध्ये चतुर्थी म्हणालात." वर्षभरात ती पहिल्यांदाच हा विषय काढत होती. "मला वाचवायला म्हणालात, की मला शिक्षा म्हणून?"

बाहेरून गुरुजींनी, झालं का, म्हणून विचारलं.

"भात दे," मी म्हणालो. "गुरुजी खोळंबलेत."